नया पैसा, जुना केबी

१९५६ या एका सालात चार गोष्टी घडल्या. १ नोव्हेंबरला आमचा भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. डिसेंबरच्या अखेरीस दिल्लीत वजनमापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा झाला आणि शेर, मण, तोळा यांचे दिवस भरले. तिकडं अमेरिकेत आयबीएम कंपनीतल्या वर्नर बुकहोल्झ या अभियंत्यानं संगणकातल्या माहितीच्या एका लहान गटाला 'बाइट' हे नाव दिलं. आणि सप्टेंबरात त्याच कंपनीनं 'रॅमॅक' जाहीर केला. फिरत्या तबकड्यांवर माहिती साठवणारा, विक्रीला आलेला हा पहिला संगणक. मी तुमसरला ऑनलाइन कामांचं केंद्र चालवते. माझ्या टेबलापाशी जो प्रश्न सगळ्यात काळजीनं विचारला जातो, त्याचं उत्तर या चारही गोष्टी एकत्र ठेवल्याशिवाय मला नीट देता येत नाही.

प्रश्न असा. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला, भंडारा शहरात आणि काठच्या गावांत पाणी शिरलं. घराघरांत कागद भिजले. तेव्हापासून लोक घरचा गठ्ठा घेऊन स्कॅन करायला येतात. एकाच घरच्या गठ्ठ्यात मध्यप्रांत-वऱ्हाडाचा स्टॅम्प असतो, त्याखाली मध्य प्रदेशाचा, मग मुंबई राज्याचा, मग महाराष्ट्राचा; घर तेच, बांध्या त्याच, फक्त वरचं सरकार बदललेलं. ते सगळं मी फोल्डरमध्ये घालते, एक प्रत पेन ड्राइव्हवर देते, एक त्यांच्या मोबाइलात, एक गुगल ड्राइव्हवर. आणि मग कुणीतरी दोन आकडे शेजारी धरून विचारतं, "मॅडम, मोबाइल चार जीबी दाखवून राह्यला, तुमचा कॉम्प्युटर तीन पॉइंट बहात्तर. बाकीचं कुठं गेलं जी?"

या माणसाला जीबीशी देणंघेणं नसतं. आजोबाच्या खरेदीखताचं एखादं पान गळलं तर नाही, ही त्याची भीती असते, आणि ती भीती रास्त आहे. कागदाच्या जोरावर जमीन टिकते आणि कागद गेला की भाऊबंदही ओळख विसरतात, हे त्यानं पाहिलेलं असतं. म्हणून "तसंच असतं काकाजी, काळजी करू नका" एवढं सांगून त्याला परत पाठवणं मला बरोबर वाटत नाही. तो हिशेब मागतो आहे, त्याला हिशेब मिळाला पाहिजे.

माझे आजोबा याच तुमसरच्या धान्यबाजारात मापारी होते. दुसऱ्याच्या धानाचा हिशेब दोघांना पटेल असा करून देणं हाच त्यांचा धंदा. आमच्या झाडीपट्टीत धान वजनानं मोजत नसत, कुडोनं मोजत. वीस कुडो म्हणजे एक खंडी. पहिलं माप टाकताना आजोबा 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत; मग दोन, तीन, चार. पश्चिमेकडच्या जिल्ह्यांतही खंडी होतीच, पण ती वीस मणांची, आमच्या खंडीपेक्षा कितीतरी मोठी. मणाचंही तेच. काही भागांत बारा पायल्यांचा, काही भागांत सोळा पायल्यांचा. त्यातून माप सपाट भरायचं की वर शीग चढू द्यायची, हा आणखी एक वाद. सवाईनं किंवा दिढीनं बियाणं उचलणाऱ्या शेतकऱ्याला धान देताना सपाट कुडो आणि सुगीत परत घेताना शिगेचा कुडो, असा व्यवहार करणारे सावकार होते, असं आजोबा सांगत. सांगताना त्यांचा आवाज चढायचा. दाणे तेवढेच असतात, माप पाहून खंडी ठरते, म्हणून आधी माप कुणाचं ते विचारावं, हे ते नातवंडांना पाढ्यासारखं शिकवत.

मोबाइलातल्या त्या फोल्डरला मी हाच प्रश्न विचारते. फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडलं की जीबीच्या आकड्याशेजारी कंसात एक लांबलचक संख्या दिसते. समजा ती आहे ४,००,००,००,०००. हे झाले दाणे. चारशे कोटी बाइट. मोबाइल त्यांना हजार, हजार, हजारनं भागतो आणि ४ जीबी म्हणतो. विंडोज १०२४, १०२४, १०२४ नं भागतं आणि ३.७२ जीबी म्हणतं. पान एकही गळलेलं नाही. कुडो दोन आहेत.

आता १०२४ कुठून आलं? संगणकाची चालू स्मृती, म्हणजे रॅम, खणांची बनलेली असते आणि प्रत्येक खणाला पत्ता लागतो. पत्ता सांगायला तारा असतात. प्रत्येक तारेत वीज आहे किंवा नाही, एवढंच. एका तारेनं दोन खण ओळखता येतात, दोन तारांनी चार, तीन तारांनी आठ. दहा तारा घेतल्या की १०२४. त्यामुळे स्मृतीची चिप दुपटीदुपटीनंच वाढते. १९७० साली इंटेलनं काढलेल्या ११०३ या गाजलेल्या चिपमध्ये १०२४ बिट मावत. हजारच्या इतक्या जवळ आलेल्या या आकड्याला अभियंते बोलण्याच्या ओघात 'किलो' म्हणू लागले. त्यांच्या खोलीत तो शब्द कुणाला फसवत नव्हता.

तबकड्यांवर असं काही बंधन नव्हतं. रॅमॅकमध्ये पन्नास तबकड्या होत्या, म्हणजे शंभर बाजू. प्रत्येक बाजूवर शंभर वर्तुळं. प्रत्येक वर्तुळावर पाचशे अक्षरं. गुणाकार करा: बरोबर पन्नास लाख. जन्मापासूनच तबकडीचा हिशेब दशमानाचा. म्हणजे एकाच यंत्रात दोन घराणी नांदू लागली, एक दुपटीचं आणि एक दहाचं, आणि दोघांनी 'किलो' हा एकच शब्द वापरायला घेतला. तो शब्द फ्रान्सच्या १७९५ च्या कायद्यापासून हजार या अर्थानं चालत आलेला होता.

दुपटीचं घराणं आपल्याला परकं नव्हतं, किंबहुना आपणच त्या घराण्यातले. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणून रुपयाचे चौसष्ट पैसे. शेराचा अच्छेर, मग पावशेर, मग नवटाक, मग छटाक. सोळा छटाकांचा शेर. सगळं अर्ध्याअर्ध्यानं तुटत जाणारं. तराजूच्या दोन पारड्यांत कुठलीही वस्तू समान वाटता येते आणि त्यासाठी दुसरं वजन लागत नाही. ज्याला शाळा माहीत नाही तोही अर्ध्याचं अर्धं बरोबर करतो. सोळा आणि चौसष्ट हे आकडे बाजारात त्या सोयीतून आले. संगणकात ते दोन अवस्थांच्या तारेतून आले. मूळ दोन्हीकडं तेच: दोन.

मग १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर पैसे झाले. हा दिवस आजोबांच्या आठवणीत स्वातंत्र्याच्या दिवसाइतका ठसठशीत होता, कारण त्या दिवसापासून बाजारातल्या प्रत्येक माणसाला दोन हिशेब सांभाळावे लागले. जुना पैसा रुपयाचा चौसष्टावा हिस्सा, नवा पैसा शंभरावा. आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैसा देणार कुठून? म्हणून सरकारनं तक्ता छापला: एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस. एकेक आणा करून चार वेळा पैसे दिले तर चोवीसच द्यावे लागत. एकदम पावली दिली तर पंचवीस. या एका पैशावरून पानठेल्यांवर किती भांडणं झाली असतील!

पण त्या बदलात सरकारनं एक फार शहाणपणाची गोष्ट केली, आणि माझं सगळं म्हणणं तिच्याभोवती आहे. 'पैसा' हा शब्द तोच राहणार आणि त्याचं मोल बदलणार, हे दिसताच नाण्यावर 'नया पैसा' असं छापलं. नुसता 'पैसा' म्हटलं तर जुना, 'नया पैसा' म्हटलं तर नवा. दोन्ही नाणी खिशात एकत्र खुळखुळत असताना हा एक शब्द राखणदारासारखा उभा होता. जुनी नाणी मागे पडली, लोकांच्या हातात नवा हिशेब बसला, आणि मगच, १ जून १९६४ पासून, 'नया' काढून टाकला. सात वर्षं तो शब्द कामावर होता. वजनांचंही तसंच. किलो आला तो किलो या नव्या नावानंच आला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्यानं. ९३३ ग्रॅमच्या शेरालाच 'आजपासून हजार ग्रॅम' म्हटलं असतं, तर तुमसरच्या बाजारात काय माजलं असतं याची कल्पनाही नको.

संगणकाच्या जगात नेमकं हेच झालं. 'नया' लावायला कुणी नव्हतं.

सुरुवातीला कुणाचं बिघडलं नाही. किलोच्या घरात हजार आणि १०२४ यांतला फरक २.४ टक्के. पण हा फरक गुणत जातो. मेगाच्या घरात तो ४.९ टक्के होतो, गिगाच्या घरात ७.४, आणि टेराच्या घरात जवळजवळ १०. म्हणून एक टीबीची हार्ड डिस्क विंडोजवर ९३१ जीबी दिसते, सोळा जीबीचा पेन ड्राइव्ह १४.९, चौसष्टचा ५९.६. डिस्क बनवणारे दहाच्या घराण्यातले, विंडोज दुपटीच्या घराण्यातलं, आणि दोघंही जीबीच लिहितात.

सगळ्यात विचित्र प्रकार माझ्या बाबांच्या काळात घडला. बाबांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती, रेमिंग्टनच्या मराठी-इंग्रजी यंत्रांची. नव्वदीच्या दशकात त्यांनी एक संगणक घेतला आणि त्याच्याबरोबर साडेतीन इंची फ्लॉपीचे डबे आले. प्रत्येकीवर छापलेलं: १.४४ एमबी. हिशेब करून पाहा. एका बाजूला ८० वर्तुळं, बाजू २, प्रत्येक वर्तुळात १८ कप्पे, प्रत्येक कप्प्यात ५१२ बाइट. गुणाकार १४,७४,५६०. दोनदा हजारनं भागलं तर १.४७ येतात. दोनदा १०२४ नं भागलं तर १.४१. मग १.४४ कुठून आलं? एकदा १०२४ नं भागून १४४० केबी केले आणि मग ते हजारनं भागले. जगभर कोट्यवधी फ्लॉप्यांवर छापलेला तो मेगाबाइट ना या घराण्याचा, ना त्या. बाबांना हा हिशेब मी पुष्कळ वर्षांनी करून दाखवला तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या आजोबांनी असं माप बाजारात चालू दिलं नसतं." त्या वाक्याचा मला आजही अभिमान वाटतो.

'नया' लावायचा प्रयत्न झाला, पण फार उशिरा. १९९८ च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगानं दुपटीच्या मापांना वेगळी नावं दिली: किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट. गिबी म्हणजे १०२४ तीनदा गुणून, गिगा म्हणजे निव्वळ शंभर कोटी. नावं ऐकायला चमत्कारिक असतील, पण काम 'नया'चंच करतात, आणि मला ती मनापासून आवडतात. लिनक्सच्या काही साधनांनी ती घेतली. ॲपलनं २००९ साली मॅकवर दुसरा मार्ग धरला: नाव जीबीच ठेवलं आणि हिशेब हजाराचा केला, म्हणजे डिस्कच्या डब्यावरचा आणि पडद्यावरचा आकडा जुळला. विंडोज मात्र अजून भागतं १०२४ नं आणि लिहितं जीबी. तुमसरात बहुतेकांकडं अँड्रॉइडचा मोबाइल आणि केंद्रावर विंडोज, म्हणून भांडण माझ्या टेबलावर येतं. अमेरिकेत ते कोर्टात गेलं होतं. ८० जीबीची डिस्क ७४ च भरते, ही ग्राहकांची फसवणूक आहे, असा दावा वेस्टर्न डिजिटलवर झाला. २००६ साली कंपनीनं तडजोड करून ग्राहकांना बॅकअपचं सॉफ्टवेअर देऊ केलं. पुढच्या वर्षी सीगेटनंही अशीच तडजोड केली. खऱ्या दोषाला, म्हणजे एका नावाच्या दोन मापांना, कुणी हात लावला नाही.

आकडे न जुळायला मापाखेरीज आणखी कारणं आहेत. त्यातलं एक लवकर सांगून टाकते. डिस्कवर जागा कप्प्यांनी दिली जाते. विंडोजच्या नेहमीच्या मांडणीत कप्पा ४०९६ बाइटचा. पाच हजार बाइटची फाइल असेल तर तिला दोन कप्पे, म्हणजे ८१९२ बाइट, अडवून ठेवावे लागतात. मोठ्या पेन ड्राइव्हवर हा कप्पा साधारण १२८ केबीचा असतो. म्हणून प्रॉपर्टीजमध्ये 'साइझ' आणि 'साइझ ऑन डिस्क' असे दोन आकडे येतात, आणि बारक्या फाइलींनी भरलेलं फोल्डर संगणकावरून पेन ड्राइव्हवर जाताच दुसरा आकडा फुगतो. पहिला आकडा पाहावा. तो जुळला की झालं.

दुसरं कारण आपल्या भाषेचं आहे, आणि तिथं मला थोडं थांबावंसं वाटतं.

बाबांच्या इन्स्टिट्यूटमध्ये संगणकावर मराठी आली ती कृतिदेव या फाँटच्या रूपानं, कारण त्याची कळांची मांडणी रेमिंग्टनसारखी. अर्ज, लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे ठराव, धानाच्या बोनससाठीची निवेदनं, सगळं कृतिदेवमध्ये. पुढं काही वर्षांनी मी त्या फाइली युनिकोड या सामायिक संकेतात बदलायला घेतल्या, कारण कृतिदेव नसलेल्या यंत्रावर त्या इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन दिसत. बदलल्यावर साध्या मजकुराची प्रत्येक फाइल अडीच पटीच्या आसपास वाढली. बाबा अस्वस्थ झाले. शब्द तेच, ओळी त्याच, मग भर कसली पडली?

'भंडारा' हा एकच शब्द घेऊ. कृतिदेवमध्ये अर्धा भ आणि त्याचा काना या दोन वेगळ्या कळा. मग अनुस्वार, ड, काना, र, काना. सात कळा, सात बाइट. १९९१ साली भारतीय मानक म्हणून ठरलेल्या 'इस्की' या सांकेतिक पद्धतीत भ, अनुस्वार, ड, काना, र, काना अशी सहा चिन्हं, सहा बाइट. पुण्याच्या सी-डॅकनं 'जिस्ट' कार्डावर हीच पद्धत वापरून डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी आणली होती. युनिकोडच्या एका रूपात, यूटीएफ-१६ मध्ये, प्रत्येक चिन्हाला दोन बाइट, म्हणजे बारा. आणि आज सगळं आंतरजाल ज्या रूपात चालतं त्या यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला तीन बाइट: अठरा. एकच भंडारा सहा, सात, बारा आणि अठरा बाइटांचा.

तीनच का? यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर मांडली. इंग्रजी अक्षराला एक बाइट. मग दोन बाइटांत २०४७ क्रमांकापर्यंतची अक्षरं मावतात: ग्रीक, रशियन, अरबी, हिब्रू. त्यापुढं तीन बाइट. आणि युनिकोडच्या यादीत देवनागरीची वस्ती सुरू होते २३०४ पासून. अडीचशे घरांनी आपली सीमा हुकली. यात कुणाचा कावा नव्हता. यादीतली जागा आधी ठरली होती आणि पद्धत नंतर आली. तरी तो आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला चुटपुट लागली, ती अजून गेलेली नाही. मोबाइलच्या साध्या एसएमएसमध्येही हाच अनुभव: इंग्रजीत १६० अक्षरं, देवनागरीत ७०. धरणाचे दरवाजे उघडल्याचा निरोप मराठीत पाठवायचा तर तो लवकर संपतो किंवा दोन तुकड्यांत जातो.

बाबांची समजूत मात्र मी घालू शकले. वर्डची आताची फाइल आतून झिप केलेली असते, आणि त्या दाबण्यात तीन बाइटांतला बराच भाग आवळला जातो, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट तोच तो असतो. साध्या मजकुरात वाढलेलं वजन वर्डमध्ये बहुतेक उतरतं. आणि वाढलेल्या बाइटांच्या बदल्यात तो ठराव आता कुठल्याही मोबाइलवर, कुठलाही फाँट न घालता वाचता येतो. १९८८-८९ साली केंद्र सरकारनं जमिनीच्या नोंदी संगणकावर घ्यायला देशातले आठ जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातून आमच्या विदर्भातला वर्धा होता. तिथून आजच्या ऑनलाइन सातबाऱ्यापर्यंत जो पल्ला आला, त्यात अक्षरांचे संकेत एक होणं ही फार मोठी पायरी आहे. तीन बाइट मला महाग वाटत नाहीत.

क्लाउडवर गेलं की हिशेब आणखी फिरतो. गुगल फुकट देतं ते पंधरा जीबी दुपटीच्या मापाचे असतात, म्हणजे १६,१०,६१,२७,३६० बाइट. ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो तिघांत मिळून. कचऱ्यात टाकलेली फाइल तीस दिवस तिथंच राहते आणि जागा खाते. १ जून २०२१ पूर्वी गुगल डॉक्समध्ये लिहिलेल्या कागदाची जागा मोजलीच जात नसे, त्यानंतर मोजली जाते. ईमेलला जोडलेली फाइल वाटेत एका वेगळ्या लिपीत बांधली जाते, तीन बाइटांचे चार करून, म्हणून ती प्रवासात तिसऱ्या हिश्शानं फुगते आणि उतरल्यावर पूर्ववत होते. वनड्राइव्हवर तर फाइलचा आकार पाच एमबी आणि डिस्कवरची जागा शून्य, असंही दिसतं. फाइल दूरच्या सर्व्हरवर असते, इथं फक्त तिची नोंद असते. असा शून्य पाहून घाबरलेल्या एका शिक्षकांना मी फाइल उघडून दाखवली, तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला.

या सगळ्यांत दाणे शाबूत असतात. एक ठिकाण मात्र वेगळं आहे, आणि ते मी प्रत्येकाला बजावून सांगते. व्हॉट्सॲपवर कागदाचा फोटो 'फोटो' म्हणून पाठवला की तो दाबला जातो, आणि या दाबण्यात जे जातं ते परत येत नाही. चार एमबीचा फोटो काहीशे केबीचा होतो. पडद्यावर तो सारखाच दिसतो, पण मोठा करून पाहिला की तहसीलदाराच्या शिक्क्यातली तारीख फुटलेली असते, जुन्या शाईतली अक्षरं एकमेकांत मिसळलेली असतात. तोच कागद 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर बाइट न् बाइट पोचतो. म्हणजे आकडा कमी दिसणं ही कधी नुसत्या मापाची गोष्ट असते आणि कधी खरंच नुकसान असतं. दोन्ही वेळा पडद्यावर दिसतो तो एक लहान झालेला आकडाच. ज्याच्या हातात खरेदीखत आहे त्याला हा फरक ओळखता आला पाहिजे, आणि तो ओळखायला बाइटांची ती लांबलचक संख्या पुरते. म्हणून माझ्या पावतीवर जीबी नसतो. पानांची संख्या असते, फाइलींची संख्या असते, आणि बाइट असतात, शेवटच्या आकड्यापर्यंत. पेन ड्राइव्हवरचे आणि गुगल ड्राइव्हवरचे बाइट मी त्यांच्यासमोर जुळवते. वयस्क माणसं चष्मा पुसून तो आकडा डावीकडून उजवीकडं बोट ठेवून वाचतात, आणि मग निर्धास्त होतात.

आता राहिले केंद्रावर भरले जाणारे नोकरीचे अर्ज. बँकभरतीच्या अर्जात फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी. पण ५० केबी म्हणजे किती? ५०,००० बाइट की ५१,२००? समजा फोटो ५०,९०० बाइटचा आहे. विंडोज त्याला ४९.७ केबी म्हणतं, पोरगी खूश. संकेतस्थळ हजाराच्या हिशेबानं मोजत असेल तर तोच फोटो नाकारतं, आणि कारण सांगतं, फाइल ५० केबीपेक्षा मोठी आहे. शेवटची तारीख, रात्रीचे अकरा, लाखांदूरकडच्या गावातून आलेली पोरगी, बाहेर मोटारसायकल घेऊन थांबलेला बाप. त्या वेळी नऊशे बाइटांनीसुद्धा माणूस रडकुंडीला येतो. मी फोटो पंचेचाळीस केबीच्या आत बसवते आणि सुटका करते. पण सगळ्याच गावांत हे माहीत असलेलं कुणी बसलेलं नसतं.

आमच्या बाजारातल्या प्रत्येक काट्याला वैधमापन शास्त्राच्या निरीक्षकांकडून ठरलेल्या मुदतीनं पडताळणीचा शिक्का मारून घ्यावा लागतो. धानाच्या कट्ट्यात दोनशे ग्रॅमचा फरक निघाला तर शेतकरी दाद मागू शकतो. देशाच्या कायद्यात किलो म्हणजे हजारच. मग अर्ज मागवणाऱ्या प्रत्येक मंडळानं, खात्यानं आणि बँकेनं जाहिरातीत केबीच्या पुढं कंसात बाइट लिहावेत, 'कमाल ५०,००० बाइट' किंवा 'कमाल ५१,२०० बाइट', त्यांना जो हिशेब हवा असेल तो. संकेतस्थळानं फाइल नाकारली तर ती किती बाइटांनी जास्त आहे तेही सांगावं. ही मागणी मी जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी दिली आहे, आणि पुढची प्रत मुंबईला पाठवायची तयारी चालू आहे. निवेदन एका पानाचं आहे, यूटीएफ-८ मध्ये, आणि खाली त्याचा आकार बाइटांत लिहिला आहे.